जास्त उकळलेले रेशीम

अंगठ्याच्या पेरात अडकलेला तो तंतू पाण्यानेही सुटत नव्हता. शॉवरखाली हात धरला की तो ओला होऊन कातडीला चिकटून बसे, हात बाजूला घेतला की पुन्हा उभा राही – केसाहून बारीक, पांढरा, उजेडात क्षणभर दिसणारा आणि लगेच नाहीसा होणारा. कालच्या रेशमी कापडाच्या थानातला असणार. हात फिरवताना कुठेतरी तुटून आलेला, आणि रात्रभर तिच्याबरोबर अंथरुणात झोपलेला. तिने तो दातांत धरून ओढला. तंतू निघाला, त्याच्याबरोबर कातडीचा एक पापुद्राही निघाला, आणि त्या जागी गरम पाणी असे झोंबले की तिने डोळे गच्च मिटून घेतले. बरे झाले, तिने स्वतःला बजावले. निघाला ना एकदाचा! मग तिने गरम पाण्याचा नळ आणखी सोडला.

पाणी वाफाळत खांद्यांवर आले. दिवसभर कपड्यांच्या आत, पोटऱ्यांवर, कमरेवर, आणि पाठीवर नेमकी जिथे हात पोचत नाही तिथे मुंग्यांची रांग चालावी तशी जी खाज चालत असे, ती या पाण्याखाली एकाएकी थांबे. थांबे तरी कसली – तिचे गोड जळणे होई, आणि त्या जळण्यात ती भिंतीच्या फरशीला कपाळ टेकून उभी राही, ओठ दातांखाली दाबून. कोणी पाहिले असते तर म्हातारी रडते आहे असेच त्याला वाटले असते. मी रडत नाही. मी अंघोळ करते आहे. ज्याच्या अंगाला ही खाज ठाऊक नाही त्याला हे सुख सांगून कळायचे नाही, आणि कळावे अशी माझी इच्छाही नाही.

या घरात रेशमाला हात लावणाऱ्याने असेच नाहावे लागते. घाम नको, तेल नको, धुळीचा कण नको. कडक पाणी, कडक साबण, तागाची खरखरीत घासणी, आणि मगच तपासणीच्या मेजाशी उभे राहायचे. नियम सासूबाईंचा. तिने तो घेतला आणि वाढवला – सासूबाई एकदा नाहात, ती दोनदा नाहू लागली. हात तर थानागणिक धुऊ लागली. कच्चे रेशीम तिने लग्नानंतर प्रथम पाहिले तेव्हा ते रेशीम आहे हे तिला खरे वाटले नव्हते. ताठ, मळकट, वाळल्या गवतासारखे. किड्याने आपल्याच धाग्यावर चढवलेला डिंक असतो तो, असे सांगत सासूबाईंनी साबणाच्या उकळत्या पाण्यात धाग्याची लडी सोडली होती आणि काठीने ती फिरवत राहिल्या होत्या, वाफेत तोंड घामाने निथळत असताना... आणि बाहेर काढली तेव्हा ती लडी – देवा, काय ते तेज, काय तो मऊपणा! “बघितलंस?” सासूबाई म्हणाल्या होत्या. “वरचं गेलं की आतलं दिसतं. बाईचे हात असेच झाले पाहिजेत.”

त्या वाक्यावर तिने सगळा जन्म काढला होता. वरचे घालवायचे. गरम पाण्याने, साबणाने, घासून, उकळून वरचे घालवायचे, म्हणजे आतले मऊ, झळझळीत असे काही हाताला येईल, आणि ते आलेही होते, खोटे कशाला बोलावे – तिच्या बोटांची अशी ख्याती होती की दूरदूरचे व्यापारी “बाईंनी हात फिरवलाय ना?” एवढेच विचारून थान बांधून नेत. मग आता काय झाले? आता ती जितकी घासत होती तितके वरचे अधिकच खरखरीत होत चालले होते, जणू तिच्या अंगावर रोज नवा डिंक चढत होता, आणि तो उतरवायला रोज थोडे अधिक गरम पाणी, थोडा अधिक साबण... तिने घासणी उचलली. पोटरीवर चिनी मातीच्या जुन्या बशीवर पडतात तशा बारीक रेघांचे जाळे पडले होते, आणि रेघांच्या कडा तांबड्या होत्या. तिकडे न पाहता तिने घासायला सुरुवात केली.

“आई, आत आहात ना? की वाफ होऊन खिडकीतून गेलात?”

सूनबाई. दारावर टकटक न करता आधी बोलायचे, ही तिची पद्धत.

“आहे. तुझ्यासारखी कावळ्याची अंघोळ नसते माझी.”

“कावळा निदान थंड पाण्यानं करतो. इथं बाहेर भिंत तापलीय.” मग सूर बदलून, “व्यापाऱ्यांचा माणूस आज दुपारच्या आधीच येतोय, आई. आणि घड्याळ येऊन बसलाय खाली.”

“इतक्यात?”

“हो ना. चक्क वेळेवर.”

“म्हणजे जगबुडी जवळ आली,” ती म्हणाली, आणि बाहेर सून हसल्याचे ऐकू आले. ‘घड्याळ’ हा त्यांचा जुना विणकर. कधीच वेळेवर येत नसे म्हणून सगळ्यांनी त्याला ते नाव ठेवले होते, आणि आता त्याचे खरे नाव त्यालाही हाक मारून सांगावे लागले असते. तो वेळेवर आला याचा अर्थ एकच. त्याला उत्तर हवे होते.

पाणी बंद केले की सुख संपे. टॉवेल – आताशा ती गडद तपकिरीच टॉवेल वापरी, आणि का ते कोणी विचारले नव्हते – अंगाला लागेपर्यंतचा तेवढा क्षण बरा. मग कातडी आवळू लागे, आतून कोणी दोरी ओढल्यासारखी, चेहऱ्यावर, गुडघ्यांवर, बोटांच्या सांध्यांवर, आणि ज्या मुंग्या पाण्याने वाहून गेल्या होत्या त्या मुठीमुठीने परतत. पूर्वी हा ताण दुपारपर्यंत येत नसे. आता साडी नेसून होईतो येई. तिने कपाटातला घडीचा रुमाल काढला, त्याखालची मलमाची नळी दिसली, आणि तिने रुमालाची घडी तिच्यावर पुन्हा ओढली, एखाद्या उघड्या पडलेल्या माणसावर चादर ओढावी तशी.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता; तिला ते आवडले नव्हते. हात बघायचा अधिकार तिचा होता. कामाला येणाऱ्या नव्या मुलींचे हात ती बघत असे.

“अंघोळ किती वेळा करता?”

“दोनदा.”

“पाणी कसं असतं?”

“पाण्यासारखं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या. “आजी, तुम्ही धुताय तो मळ नाहीये. कातडीवर तिचं स्वतःचं तेल असतं, त्यानं आतला ओलावा आत राहतो. ते तुम्ही रोज धुऊन टाकताय. आता कोमट पाणी, थोडाच वेळ. साबण काखेत, जांघेत, पावलांना, बस्स. घासणी फेकून द्या. आणि अंग ओलसर असतानाच हे मलम, हाताला तर दिवसातून पुन्हा पुन्हा.”

“मलम. हाताला.”

“हो.”

“बाई, माझ्या हाताखालून रेशीम जातं. तेलाचं बोट लागलं तर थान वाया.”

“मग काही दिवस रेशमाला हात लावू नका.”

इतक्या सहज! काही दिवस श्वास घेऊ नका, असे कोणी रोग्याला सांगते का? आणि ‘काही’ म्हणजे किती, हे विचारायला तिचे तोंड उघडले नव्हते, कारण ते विचारले असते तर पुढचाही प्रश्न आला असता – तोवर मेजाशी कोण उभे राहणार, आणि जी उभी राहील ती नंतर बाजूला का होईल.

कारखाना घराच्या मागेच होता, अंगण ओलांडले की. मागांचा आवाज तिला नेहमी पायांतून ऐकू येई, कानांत यायच्या आधी. आज पायांच्या टाचा फुटलेल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला मोज्याचा धागा भेगेत शिरत होता, तरी ती ताठ चालली. दारातल्या मुलींनी “आल्या, आल्या” असे पुटपुटून माना खाली घातल्या. मेज उत्तरेच्या खिडकीखाली. त्यावर थान उलगडून ठेवलेले – फिकट, मोत्याच्या रंगाचे, कुठे नक्षी नाही, लपायला जागा नाही. असे साधे कापडच विणकराची परीक्षा असते. घड्याळ भिंतीला टेकून उभा होता, हातात टोपी. सून मेजाच्या पलीकडे.

ती उभी राहिली. तळवा ठेवला, आणि डोळे मिटून पुढे नेला.

गाठ.

इथे. आणि पुढे – पुन्हा. बोटाला कापड धरले गेले, सुटले, धरले गेले. पूर्वी हे कसे असे? पूर्वी हात पाण्यावरून जावा तसा जाई, आणि जिथे दोष असे तिथे पाण्यात खडा लागावा तसा तो एकटा, स्पष्ट लागे; बाकीचे सगळे मौन. आता सगळे कापड बोलत होते. एकदम, सगळीकडून, गर्दीत बोलतात तसे. त्यातला कोणता आवाज थानाचा आणि कोणता माझा... तिने बोट उचलले.

“इथं आहे.”

सुनेने वाकून पाहिले. खिडकीचा पडदा सारला, भिंग लावले. “आई, मला काही दिसत नाही.”

“डोळ्यांनी कापड बघतं ते गिऱ्हाईक.”

“बरं. मग हातानं बघते.” आणि परवानगी न मागता सुनेने हात फिरवला. ती तो हात पाहत राहिली. साधाच हात, जरा थोराड, नखे आखूड. ही बाई सकाळी चिमणीसारखी दोन तांबे कोमट पाणी अंगावर घेऊन बाहेर येते, रात्री झोपताना कोपरापर्यंत कसलेसे सायीसारखे मलम चोपडते, आणि सकाळी ते साध्या साबणाने धुऊन मेजाशी येते; आणि तो हात थानावरून चालला होता – पाण्यावरून जावा तसा.

“नाही लागत मला,” सून हळूच म्हणाली. तिच्याकडे न पाहता.

“बाई,” भिंतीकडून घड्याळ बोलला, “एक बोलू? रागावणार नसलात तर.”

“रागावेन. बोल.”

“हे थान तुमच्याकडून परत आलं, मी तसंच नवं विणलं. पुन्हा आलं. माझं चुकलं असेल, नाही म्हणत नाही मी. पण दोष आहे म्हणता तिथं बोट ठेवा, मी तिथं खूण करून घेतो आणि आयुष्यभर तिच्याकडं बघत बसतो. नुसतं ‘आहे’ म्हणू नका. माझी बायको म्हणते, तुझे हात गेले. मी रात्री उठून हात बघतो माझे.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच वाईट होते. तो तिच्यावर विश्वास ठेवून होता. तिच्या बोटावर शंका घेण्यापेक्षा स्वतःच्या हातांवर घेणे त्याला सोपे गेले होते... आणि तिला? तिलाही तेच सोपे गेले होते. त्याच्या हातांवर घेणे.

“संध्याकाळच्या आत सांगते,” ती म्हणाली.

“व्यापाऱ्यांचा माणूस त्याच्या आधी येईल, आई,” सून म्हणाली.

“त्याच्या आधी सांगते. मेजावरून थान हलवू नका.”

ती वळली. अंगण ओलांडताना ती चालत होती की पळत होती हे तिला नंतर आठवले नसते. हात धुतले पाहिजेत. हातच नव्हे, सगळेच. कोणता तरी थर राहून गेला आहे, सकाळी त्या तंतूच्या नादात घाई झाली, नीट घासले गेले नाही, एवढेच आहे, एवढेच. आता पाणी तापेल, चांगले उकळते, आणि वरचे निघून जाईल, आणि मग मी खाली जाऊन त्या थानावर हात ठेवीन आणि ते गप्प होईल. गप्प झाले पाहिजे. नाही झाले तर मी कोण? मेजाशी उभी नसलेली मी कोण आहे? भाजी निवडणारी म्हातारी. दारातल्या मुली जिच्यापुढे मान खाली घालत नाहीत, नुसती “बसा हं आजी” म्हणतात.

शॉवर सोडला. वाफ झाली. ती घासत राहिली, आणि या वेळी गोडवा आला नाही. नुसते जळणे आले, कोरडे, पाण्याखालीही कोरडे, आणि दंडावरून गुलाबी पाणी उतरून पायाशी जाळीत जाऊ लागले तेव्हा तिने घासणी टाकली, कारण तिला ती धरवेना. बोटे मिटत नव्हती. टॉवेल गुंडाळून ती खिडकीपाशी आली. एरवी कमरेला खोवलेले तिचे भिंग – धागे मोजायचे, पितळेचे, सासूबाईंचे – खुंटीवरच्या कपड्यांत होते. ते का काढले तिला सांगता आले नसते. हात उजेडात धरला, अंगठ्यावर भिंग धरले, आणि जशी रोज थानावर वाकते तशी वाकली.

प्रथम तिला काही ओळखू आले नाही. मग सगळेच ओळखू आले.

बारीक बारीक कुसळे उभी होती. पापुद्र्यांच्या कडा सुटून, फाटून, धाग्याच्या अंगावरून तंतू सुटावेत तशा. मधल्या रेघा पांढऱ्या, निर्जीव, चमक गेलेली. हे तिने पाहिले होते. एकदा नव्हे, अनेकदा. पाणी फार कडक झाले, साबण जास्त पडला, कोणी गप्पांच्या नादात लडी वेळेवर काढली नाही, की डिंक जातो, पण तेवढ्यावर थांबत नाही. मग उकळते पाणी धाग्यालाच खाऊ लागते. धागा फुलतो, कुसळतो, त्याला हात लागला की हातात तंतू येतात. “उकळी जास्त झाली” – नुसते पाहून ती सांगत असे, दारातूनच, लडी हातात न घेता, आणि ज्या मुलीकडून ते झाले तिला उभी जाळीत असे: डोळे आहेत की भोकं? एवढं दिसत नाही?

एवढे दिसत नाही...

जास्त उकळलेल्या लडीचे काय करायचे, तेही तिलाच माहीत होते. काही करता येत नाही. गेलेला डिंक धाग्यावर पुन्हा चढवता येत नाही. ती लडी कोपऱ्यातल्या पोत्यात जाते.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आणि तिथे, का कोण जाणे, सासूबाई डोळ्यांपुढे आल्या – वाफेतल्या त्या तरुण सासूबाई नव्हेत, शेवटच्या दिवसांतल्या. एका सकाळी त्या मेजाशी आल्याच नव्हत्या. खिडकीपाशी खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या, “आज तू बघ,” आणि दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग ते बोलायचीही गरज उरली नाही. तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! मला योग्य समजल्या, म्हणून दिले. त्या सकाळी, आणि नंतरच्या सगळ्या सकाळी, उन्हाळ्यातसुद्धा, सासूबाईंचे हात शालीखाली असत. ताट आणून दिले तरी आधी “ठेव तिथं” म्हणत, आणि ती पाठमोरी झाल्यावर जेवत. तिने कधी विचारले नव्हते. ती शाल बाजूला करून बघावी असे तिच्या मनातही आले नव्हते, इतकी ती मेजाशी घाईत होती.

तुम्हीही का? मी तुम्हाला विचारते आहे. तुम्हाला माहीत होते, आणि तुम्ही मला तेच पाणी, तोच साबण देऊन गप्प बसलात? की तुम्हालाही वाटत होते की अजून एक थर राहिला आहे...

मलमाची नळी तिने कपाटातून काढली. झाकण तिला उघडेना, दातांनी उघडले. पुन्हा न्हाणीत गेली, आणि या वेळी थंड पाण्याचा नळ सोडून त्यात थोडेसेच गरम मिसळले. कोमट पाणी अंगावर आले. त्यात काही नव्हते. सुख नाही, दाह नाही; कोणी परक्याने पाठीवर हात ठेवावा आणि काय बोलावे ते न सुचून तसाच ठेवावा, तसे ते पाणी. मुंग्या होत्या तशाच चालत होत्या. तिने त्यांना चालू दिले. मग ओल्याच हातावर तिने मलम घेतले – पांढरे, गुळगुळीत, जन्मात जे या घरात हाताला लागू दिले नाही ते – आणि अंगठा तर्जनीवरून फिरवला.

अंगठा सरकला. कुठे अडकला नाही, काही धरले नाही. गाठ नाही, कुसळ नाही. आणि त्या सुटण्याने तिला क्षणभर इतके हलके वाटले, आणि लगेच इतकी भीती वाटली, की ती भिंतीला धरून उभी राहिली. कारण या बोटाला आता काहीच लागणार नव्हते. याला जगातले प्रत्येक थान निर्दोष लागेल. खरखरीत हाताला सगळाच दोष, आणि मलमाच्या हाताला सगळेच निर्दोष – आणि यांच्या मधे कुठेतरी माझा हात होता. तो परत येतो का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कातडी रेशीम नसते, ती पुन्हा – की हे त्या म्हणाल्याच नव्हत्या, मीच आता त्यांच्या तोंडी घालते आहे?

“आई?” सूनबाई. दाराला अगदी लागून. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. “आई, टॉवेल मी धुते, मला माहितीये सगळं. दार नका उघडू हवं तर. पण खाली व्यापाऱ्यांचा माणूस आलाय, आणि घड्याळ अजून तसाच उभा आहे. काय सांगू त्याला? पास की नापास?”

पास की नापास. इतकी वर्षे या प्रश्नाला तिसरे उत्तर तिने कोणाला देऊ दिले नव्हते; ‘बघते’ म्हणणाऱ्या मुलीला तिने मेजावरून उठवले होते. खाली ते मोतिया थान उलगडलेले असेल, खिडकीचा उजेड आता त्याच्या कडेवरून सरकला असेल. त्यावर सुनेचा हात फिरला होता आणि काही लागले नव्हते. पण ते माझ्या तोंडून निघायचे तर मला माझ्या हाताने कळायला हवे, आणि माझा हात... तिने हात समोर धरला. मलमाखाली रेघा अजून दिसत होत्या. पाण्याचे थेंब त्यावर बसत नव्हते, गोल होऊन घसरत होते.

“आई, ऐकताय ना?”

“ऐकतेय,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ती तो प्रथमच ऐकत होती. “थांबायला सांग.”

“कुणाला?”

ते तिने ठरवले नव्हते. कोमट पाणी पडत राहिले. ते बंद करावे की असू द्यावे, हेही तिला कळेना, आणि हे न कळणे अंगावर घेऊन, मलमाचे दोन्ही हात पाण्यापासून जपत, छातीशी आडवे धरून, ती उभी राहिली.